पाचशे वेळा

लॅमिंग्टन रोडवर मुर्तझाभाईंचं दुकान म्हणजे
दोन दुकानांमधली फट, तिला लावलेलं शटर.
मी म्हटलं, चार पेन्सिल सेल, चार्ज होणारे,
आणि चार्जर. आठशेच्या आत बसवा.

त्यांनी एक चकचकीत जोडी पुढे केली,
हिरव्यावर सोनेरी आकडा : चार हजार आठशे.
"हे खपतात. पण हातात घेऊन बघा, बेन."
घेतले. भुईमुगाच्या फोल शेंगा.
"आकडा छापायला फक्त शाई लागते.
हे घ्या, दोन हजारवाले. कमी बोलतात."
तळहात जरा खाली गेला.
मला पूर्वी बघायला आलेली स्थळं आठवली,
पण ते असो.

"घरी कशाकशाला?" डॉक्टरच्या सुरात विचारलं.
अण्णांचं बीपीचं मशीन. ते दिवसातून सहा वेळा
स्वतःचं प्रेशर बघतात, सातव्यांदा माझं.
रिमोट, ज्याच्या पाठीचं झाकण हरवलंय,
सेल रबरबँडने आवळलेत.
भिंतीवरचं घड्याळ.
"घड्याळाला नको. ते खातं चिमणीएवढं, पण वर्षभर खातं,
तोवर हे बसल्या जागी रिकामे होतात.
त्याला साधाच लावा, अठरा रुपयांचा."
स्वतःचा गल्ला कमी करणारा दुकानदार
बऱ्याच दिवसांनी पाहिला.

विक्रोळीला, टागोरनगरात, अण्णांनी मल्टिमीटर काढला.
टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं,
छापील गोष्टीवर विश्वास नाही.
लाल तार इकडे, काळी तिकडे, चष्मा कपाळावर.
"एक पॉइंट दोन. दीड हवेत. फसवलं तुला."
मी मुर्तझाभाईंचा निरोप पोचवला :
यांची जातच एक पॉइंट दोनची,
पण शेवटपर्यंत तिथंच तग धरतात,
साध्यासारखे पहिल्या दिवसापासून घसरत नाहीत.
अण्णा गप्प. मग म्हणाले,
"पाटणकर म्हणून लाइनमन होता आमच्याकडे.
कधी धावला नाही. कधी बसलाही नाही."

मग भिंग. खोक्यावरचं बारीक अक्षर :
पाचशे वेळा भरता येतो.
पेपरच्या कडेला त्यांनी गणित मांडलं,
पंधरा दिवसांतून एकदा, गुणिले पाचशे,
साडेसात हजार दिवस, भागिले तीनशे पासष्ट.
वीस वर्षं, वर सहा महिने.
उत्तराखाली दोन रेघा मारल्या, शाळेतल्यासारख्या.
अण्णा एक्क्याऐंशीचे आहेत.
"हे मला पुरून उरणार."
मी रबरबँड बोटाला गुंडाळत राहिले.
"शंभर वेळांवाले नव्हते का गं?
स्वस्त पडले असते."

हसावं की नाही हे माझं ठरेपर्यंत तेच हसले,
खोकला येईस्तोवर,
आणि लगेच दंडाला पट्टा बांधून बसले,
जुन्या सेलांच्या शेवटच्या दमावर.
एकशे बेचाळीस.
"हसल्यामुळे. हे धरायचं नाही."

जेवणानंतर मी चौघांना नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला,
म्हणजे यांच्यात दुसरं कुणी मिसळायला नको.
जुन्याशेजारी नवा बसवला
की नव्याचाच जीव आटतो,
हेही त्यांनी काउंटरवर बजावलं होतं.
मान डोलावली मी. मला ते नवीन नव्हतं.

रात्री अडीचला स्वयंपाकघरात
तांबडा, तीळभर उजेड.
अण्णा ओट्यापाशी उभे,
चार्जरला उलटा हात लावून,
लहानपणी मी तापले की लावायचे तसा.
"कोमट आहे," म्हणाले. "असू दे. भरतोय."

अडीच म्हणजे भिंतीवरचे अडीच.
खरे किती कोण जाणे,
घड्याळाचा सेल
आणायचा राहूनच गेला.